पॉलिश करूनही गाडी धुरकट दिसतेय? कंपाउंड बदलण्याआधी पॅड बघा

मशीनला फोमचं पॅड लावून, त्यावर कंपाउंड म्हणजे घासणारं क्रीम घेऊन गाडी पॉलिश करताना खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकदम दिसत असतील, तर पुढचं वाचा.

- दिवसा बोनेट चकाचक दिसतं, पण रात्री पार्किंगच्या एलईडीखाली किंवा टॉर्च मारल्यावर त्यावर पांढुरकी झाक दिसते. गाडी काळी, गडद निळी किंवा मरून असेल तर हमखास.
- कंपाउंड पसरत नाही, त्याच्या बारीक चिकट गोळ्या होतात आणि पुसताना जोर लावावा लागतो.
- भुकटी नेहमीपेक्षा जास्त उडते आणि वायपरच्या खोबणीत, काचेच्या बीडिंगमध्ये जाऊन बसते.
- डीए मशीन (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड फिरवता फिरवता हलवणारं) चालू आहे, आवाज आहे, पण पॅड फिरत नाही, नुसतं थरथरतं. नाहीतर पत्र्यावर उड्या मारतं.
- पॅड मधोमध तापतं आणि तिथेच खोलगट होतं.
- व्हेल्क्रो सुटून पॅड उडतं आणि शेजारच्या गाडीखाली जातं.
- धुऊन ठेवलेल्या पॅडला आंबूस वास येतो, फोमवर काळे ठिपके दिसतात.

यावर लोक आधी महागडं कंपाउंड आणतात. मग मशीनचा स्पीड वाढवतात. तरीही फरक पडला नाही की माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "दादा, मशीनच बाद आहे." मशीन बाद असतं कधीकधी, पण बहुतेक वेळा दोषी निघतं ते सगळ्यात स्वस्त असलेलं पॅड.

कारण सरळ आहे. पॅडचा फोम पॉलियुरेथेनचा, बारीक छिद्रांचा असतो. ती छिद्रं दोन कामं करतात: पॉलिश धरून ठेवतात आणि रंगावरून निघालेला गाळ पोटात घेतात. छिद्रं भरली की गाळाला जायला जागा उरत नाही. मग तोच गाळ पॅड आणि रंगाच्या मध्ये घासला जातो, घर्षण वाढतं, पॅड तापतं, तापल्यावर पॉलिश सुकतं आणि सुकलेलं पॉलिश उरलीसुरली छिद्रंही बुजवतं. वरची निम्मी लक्षणं या एका चक्रातून येतात. उरलेली ओल्या पॅडमुळे येतात, आणि मुंबईत खरी मेख तिथेच आहे.

फुकटातली पहिली तपासणी

तेच पॅनेल, तेच मशीन, तेच कंपाउंड, तोच स्पीड. फक्त पॅड नवं किंवा नक्की स्वच्छ असलेलं लावा आणि दीड फूट बाय दीड फुटाचा एक चौकोन मारा. पुसल्यावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. पॉलिशमधलं तेल बारीक चरे झाकून ठेवतं, ते उतरल्याशिवाय खरं काय ते दिसत नाही. मग टॉर्च तिरका धरून बघा. धुरकटपणा गेला असेल तर दोष पॅडचा. तसाच राहिला असेल तर पॅड धुण्यात रविवार घालवू नका, थेट शेवटचा भाग वाचा.

पॅड फिरतच नसेल तर बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर चिकटतं त्या चकतीच्या) कडेला मार्करने एक जाड रेघ मारा. मशीन चालू असताना रेघ फिरताना दिसली की पॅड फिरतंय. रेघ जागच्या जागी थरथरत असेल तर आधी हाताचा दाब कमी करा, पॅड पत्र्याला सपाट धरा. बंपरच्या किंवा फेंडरच्या वळणावर मोठ्या थ्रोचं, म्हणजे पॅड जास्त लांब हलवणारं, मशीन थांबतंच. तो पॅडचा दोष धरू नका. सपाट छतावरही थांबत असेल तर पॅड भरलंय.

आणखी एक फुकटची गोष्ट: पत्रा हाताला गार लागला पाहिजे. उघड्या पार्किंगमध्ये दुपारी उभ्या असलेल्या गाडीच्या बोनेटवर कुठलंही पॅड, कुठलंही पॉलिश मिनिटभरात सुकतं. गाडी सावलीत घ्या, थंड होऊ द्या, मग बोला.

डोळ्यांनी आणि बोटांनी

पॅड काढून उजेडात धरा. चकाकणारे, कडक झालेले पट्टे दिसले तर ते सुकलेलं कंपाउंड आहे. मधोमध अंगठ्याने दाबा आणि सोडा. चांगला फोम लगेच वर येतो. रेंगाळत येत असेल तर आतली जाळी उष्णतेने बसली आहे, आणि ती धुऊन परत येत नाही.

आता बोटांची मागची बाजू फोमवरून हलकेच फिरवा. तिथली कातडी तळहातापेक्षा नाजूक असते, एखादा कणही लगेच टोचतो. हे करायचंच, कारण मुंबईत दर दुसऱ्या गल्लीत काहीतरी पाडणं नाहीतर बांधणं चालू असतं. सिमेंटची, वाळूची धूळ कुठेही बसते. पॅड क्षणभर जमिनीवर उपडं ठेवलं किंवा हातातून पडलं, तर झटकून परत लावू नका. वाळूचा एक कण पॅडमध्ये अडकला की क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) गोल गोल चरे उठतात आणि ते काढायला परत कटिंग, म्हणजे जाड कंपाउंडने घासणं, करावं लागतं. पडलेलं पॅड बाजूला ठेवा, धुतल्याशिवाय गाडीला लावू नका.

कंपाउंड किती घेताय?

पॅड नवं किंवा नुकतं धुतलेलं असेल तर आधी सगळ्या तोंडावर पातळ थर चोळून घ्या. त्यानंतर प्रत्येक चौकोनाला मटाराच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. जास्त कंपाउंड म्हणजे जास्त कटिंग, हा समज पार मोठ्या गॅरेजपर्यंत पसरलेला आहे. उलट घडतं. जादा माल छिद्रांत शिरून बसतो, पॅड जड होतं आणि पॉलिशच्या थरावर घसरत राहतं, रंगाला नीट भिडतच नाही.

प्रत्येक पॅनेलनंतर ब्रश

एका पॅनेलनंतर पॅड साफ करायला अर्धं मिनिट लागतं. या एका सवयीवर धुण्याचं निम्मं काम वाचतं. मशीन सर्वात कमी स्पीडवर ठेवा, पॅडचं तोंड स्वतःपासून लांब करा आणि नायलॉनचा ब्रश मधून कडेकडे न्या. चष्मा आणि मास्क लावा. त्या भुकटीत घासून निघालेला रंगही असतो. ब्रश नसेल तर जाड टेरी टॉवेलची घडी फिरत्या पॅडवर काही सेकंद दाबून धरा, ओलसर गाळ टॉवेलमध्ये उतरतो.

कॉम्प्रेसरची हवा सगळ्यात छान, पण पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं. आधी टाकीचा खालचा नळ सोडून पाणी काढा, मग हवा जमिनीकडे सोडून बघा. पाण्याचे तुषार येत असतील तर पॅड साफ होण्याऐवजी भिजेल.

एका पॅडवर आख्खी गाडी काढू नका. मध्यम गाडीला कटिंगची चार-पाच पॅडं लागतात, फिनिशिंगची (शेवटची चमक आणायची) दोन-तीन. एक तापलं की बाजूला ठेवायचं, दुसरं घ्यायचं. एकच पॅड घेऊन बसलात तर वरच्या सगळ्या तपासण्या करूनही तिसऱ्या पॅनेलला तेच रडगाणं.

धुणं

काम संपलं की त्याच संध्याकाळी धुवा. रात्रभर राहिलेलं पॅड म्हणजे पिठल्याची न भिजवलेली कढई: सकाळी दुप्पट घासावं लागतं आणि घासताना फोम फाटतो. धुणं जमणार नसेल तर निदान पॅड-क्लीनर मारून, ओलसर ठेवून झाकणाच्या डब्यात ठेवा. तेही एका रात्रीपुरतंच.

कोमट पाणी घ्या, उकळतं नाही. भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाका, किंवा ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाणी घालून घ्या. पॅड दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, त्याहून जास्त नाही. फोम आणि व्हेल्क्रो मध्ये गोंदाने चिकटवलेले असतात. तासन्‌तास बादलीत पडलेल्या पॅडचा तो गोंद सैल होतो. मग तळहाताने दाबा, सोडा, पुन्हा दाबा. फडक्यासारखं पिळायचं नाही, पिळल्याने फोम आतून फाटतो आणि कडेचा गोंद सुटतो. अडकलेल्या गाळावर मऊ नायलॉन ब्रश गोल फिरवा. दाबल्यावर निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि फेस पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने धूत राहा. साबण आत राहिला तर पुढच्या वेळी पॉलिश लवकर सुकतं आणि लोक परत कंपाउंडला शिव्या घालतात.

पाणी कुठलं आहे तेही बघा. भातसा, तानसा, वैतरणाचं महापालिकेचं पाणी मऊ आहे, त्यात साबण पटकन निघतो. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी बऱ्याचदा जड असतं. त्यात फेस कमी येतो, साबणाचा चिकटा राहतो आणि वाळल्यावर फोमवर क्षाराचा पांढरा थर दिसतो. बोअरवेलचं पाणी वापरावंच लागत असेल तर शेवटचं खळबळणं तरी पिण्याच्या पाण्याच्या एका बादलीत करा.

थिनर, पेट्रोल, रॉकेल, ब्लीच आणि कपड्यांचा सॉफ्टनर यांतलं काहीच नको. पहिली तिन्ही गोंद विरघळवतात, ब्लीच फोम ठिसूळ करतं, सॉफ्टनरचा थर रंगावर उतरतो. धुण्याची पावडरही टाळा. न विरघळलेले कण फोममध्ये अडकून राहतात. ऊनी आणि मायक्रोफायबर पॅडं वेगळ्या बादलीत. त्यांचे धागे फोमला चिकटले की काढता काढता जीव जातो.

हे सगळं घरच्या बेसिनमध्ये करणार असाल तर जाळीवर जुना मोजा बांधा. कंपाउंडचा गाळ पाइपच्या वाकात बसतो, आणि प्लंबरला द्याल तेवढ्यात नवं पॅड येतं.

वाळवणं: मुंबईचा खरा पेपर

पॅड धुता येणारे पुष्कळ आहेत. जून ते सप्टेंबर पॅड वाळवता येणारे कमी. हवेतच ओलावा एवढा असतो की वरून कोरडं वाटणारं पॅड मधोमध दोन-दोन दिवस ओलं राहतं. असं पॅड मशीनला लावलं की आतलं पाणी कडेकडे येतं, पॉलिश पातळ होतं, तुषार उडतात, पॅडचं वजन एका बाजूला जाऊन मशीन हलतं. पॅड तापलं की आतल्या ओलीने गोंद सुटतो आणि व्हेल्क्रोसकट फोम निघून हातात येतो. लोक म्हणतात पॅड डुप्लिकेट निघालं. डुप्लिकेट मिळतातही, नाही असं नाही. पण पावसाळ्यात सुटलेलं पॅड आधी ओलं होतं का, ते आठवून बघा.

पाणी काढायचं असं. धुतल्यावर पॅड दोन कोरड्या मायक्रोफायबर टॉवेलच्या मध्ये ठेवा आणि वरून तळहाताने किंवा गुडघ्याने दाबा. टॉवेल बदलून पुन्हा. नंतर रिकाम्या बादलीत मशीनला लावून सर्वात कमी स्पीडवर थोडंसं फिरवा, उरलेलं पाणी बादलीच्या भिंतीवर उडतं. हात, वायर आणि प्लग कोरडे पाहिजेत, आणि मशीन चालू किंवा बंद करताना ते बादलीच्या आतच असलं पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या फरशीवर पडलेला असेल तर हा प्रकार करूच नका. टॉवेलने जास्त वेळ दाबा, तेवढं पुरतं.

मग जाळीवर किंवा भांड्यांच्या रॅकवर फोम खाली, व्हेल्क्रो वर असं ठेवा. पाणी खाली उतरतं, म्हणजे गोंदापासून लांब जातं. उलटं ठेवलं तर सगळी ओल गोंदाच्या थरात येऊन बसते. समोर टेबल फॅन लावा. गॅलरीतलं कडक ऊन, हेअर ड्रायर, इस्त्री नको. ऊन फोमला पिवळं आणि ठिसूळ करतं, बाकीचे दोन गोंद वितळवतात. कपड्यांच्या दोरीवर चिमटा लावून टांगू नका, चिमट्याची खूण कडेला राहते आणि तिथूनच फोम उसवतो.

वाळलं की नाही, हे हाताला कळत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. पॅड नवं असताना त्याचं वजन करून मागच्या लेबलवर मार्करने लिहून ठेवा. धुऊन वाळवल्यावर पुन्हा तोला. चार-पाच ग्रॅम जास्त भरलं तर आत पाणी आहे, फॅनखाली परत ठेवा. वजन लिहिलेलं नसेल तर मधोमध टिश्यू ठेवून अंगठ्याने जोरात दाबा, टिश्यूला ओलसर डाग पडता कामा नये.

पूर्ण वाळल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. अर्धवट ओलं पॅड प्लास्टिकच्या पिशवीत गेलं की आठवड्यात बुरशी धरते. काळे ठिपके पडलेलं पॅड धुऊन वास जातो, ठिपके बहुतेकदा राहतात. फोम मजबूत असेल तर तेवढ्यासाठी टाकू नका, पण ते बंपरच्या काळ्या प्लास्टिकला ठेवा.

पॅडच्या रंगावर जाऊ नका

फिनिशिंगचं पॅड एकदा जरी कटिंग कंपाउंडला वापरलं की बारीक पॉलिशमध्येही चरे येत राहतात. धुतलं तरी जाड कण आत राहू शकतात. म्हणून पॅडच्या मागे मार्करने कंपाउंडचं नाव आणि धुतल्याची तारीख लिहा. रंगावरून ओळखतो म्हणाल तर फसाल. रुपेसच्या फोममध्ये पिवळं म्हणजे फाइन, आणि लेक कंट्रीच्या पिवळ्यात भारी कटिंग. दोन कंपन्यांची पॅडं एकाच डब्यात असतील तर हा गोंधळ ठरलेलाच.

प्लेट आणि व्हेल्क्रो

इथपासून थोडा खर्च आहे. पॅड नीट असूनही सुटत असेल तर मशीनची बॅकिंग प्लेट बघा. आकड्यांमध्ये फोमचा लगदा आणि धागे अडकलेले असतात, ते जुन्या कंगव्याने उपसा. आकडे वितळून चपटे झाले असतील तर प्लेट बदला, साफ करून काही होत नाही. पॅड प्लेटपेक्षा अर्धा इंच तरी मोठं असावं, म्हणजे चुकून कड लागली तर प्लेट रंगाला लागणार नाही. साडेपाच इंची पॅडला पाच इंची प्लेट. पण मशीनवर दुसऱ्याच मापाची प्लेट चढवू नका. आतलं वजन ठरावीक मापासाठी तोललेलं असतं आणि माप बदललं की मशीन हाताला झिणझिण्या आणतं. प्लेट नागदेवी स्ट्रीटला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधायची असेल तर जुनी बरोबर न्या. दुकानदाराला थ्रेड दाखवलात तर फेऱ्या वाचतात.

आणि सुटलेलं व्हेल्क्रो फेव्हिकॉलने किंवा चपलेच्या सोल्युशनने परत चिकटवू नका. मशीन तापल्यावर ते सुटतं, आणि तेव्हा पॅड कुठे जाईल सांगता येत नाही. फोमला भेग गेली, कड उसवली, बोटाने चोळल्यावर भुगा पडला, की पॅड संपलं. हेडलाइट घासायला किंवा क्रोमला चालेल, रंगाला नाही.

इथे हात थांबवा

नवं पॅड लावूनही धुरकटपणा जात नसेल, तर तिसरं कंपाउंड मागवू नका. एखाद्या डिटेलरकडे (गाड्या पॉलिश करणाऱ्या व्यावसायिकाकडे) जा ज्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे. कारखान्याच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. प्रत्येक कटिंगमध्ये त्यातलं थोडं जातं आणि परत येत नाही. परत रंगवलेल्या पॅनेलवर तर अंदाजाने घासणं म्हणजे जुगार.

क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग पॅडवर दिसला, तर त्याच क्षणी मशीन बंद करा. क्लिअर कोट गेला आहे. पुढे पेंटर लागणार, पॉलिश नाही. जुन्या पद्मिनीसारख्या, वर क्लिअर कोट नसलेल्या एकाच थराच्या रंगाच्या गाड्यांवर मात्र पॅडला रंग लागणारच, तिथे घाबरू नका. गाडी कुठल्या प्रकारची ते माहीत नसेल तर बाहेरच्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन हाताने चोळून बघा. फडक्याला रंग आला तर वर क्लिअर कोट नाही.

नख अडकेल एवढा खोल चरा पॅडने काढायचा प्रयत्न करू नका. दरवाज्याच्या कडा, बोनेटच्या धारा इथे रंग सगळ्यात पातळ असतो. सवय नसेल तर तिथे मास्किंग टेप लावा आणि मशीन नेऊ नका.

मशीनला शॉक लागतोय, बॉडीतून ठिणग्या किंवा जळका वास येतोय, प्लेट हाताने हलवल्यावर डुगडुगतेय, तर प्लग काढा आणि मशीन सर्व्हिस सेंटरला द्या. कार्बन ब्रश बदलणं अनेक मॉडेलमध्ये बाहेरूनच जमतं, कंपनीच्या पुस्तिकेत दिलं असेल तर करा. गिअर आणि बेअरिंग मात्र उघडू नका. आत पाणी गेल्याची शंका असेल तर वाळवून चालू करून बघायचा मोह नको. आधी मेकॅनिकला दाखवा, पॅड मग धुवा.